रिपोर्ट निगेटिव्ह, झोप गायब
(लेखमाला : धास्तीचे आजार, भाग ७)

मागच्या आठवड्यात छातीत कळ आली की हार्ट अटॅकच वाटणाऱ्यांविषयी लिहिलं. ती धास्ती निदान घरात बोलून दाखवता येते. आजची तोंडातून बाहेरच पडत नाही.

समजा, लग्न ठरलेला एक तरुण. परगावी एका रात्री अनोळखी मुलीशी जवळीक झाली; चुंबन, हाताने स्पर्श, त्यापुढे काही नाही. चौथ्या दिवशी घसा खवखवला आणि एचआयव्हीची शंका डोक्यात शिरली.

खरं तर शंकेला तिथेच पूर्णविराम मिळायला हवा. लाळेतून, घामातून, स्पर्शातून एचआयव्ही लागत नाही. बाधित आणि उपचार न घेणाऱ्या स्त्रीशी कंडोमविना योनिसंभोग झाला, तरी पुरुषाला एका वेळी लागण होण्याचा अंदाज दहा हजारांत चारच्या आसपास आहे. (म्हणून कंडोम खिशातच ठेवावा असं कुणी समजू नये.) लागणीची सुरुवातीची लक्षणंही साधारण दोन ते चार आठवड्यांनी दिसतात, चौथ्या दिवशी नाही.

पण हा गडी आरशासमोर उभा राहून जबड्याखालची गाठ अंगठ्याने चाचपतो. दिवसातून वीसदा दाबल्यावर ती दुखणारच. दुखली, की सुजली असणार! काळजीने पोट बिघडतं, रात्री घाम फुटतो, वजन उतरतं. इंटरनेटवरच्या यादीत नेमकं हेच लिहिलेलं असतं.

मग तपासणी. शिरेतून रक्त घेऊन प्रयोगशाळेत केलेली चौथ्या पिढीची चाचणी ४५ दिवसांनी निगेटिव्ह आली, की विषय संपतो. सरकारी रुग्णालयांतल्या आयसीटीसी केंद्रांत एचआयव्हीची तपासणी मोफत होते, नाव गुप्त राहतं. धोका खरोखरच झाला असेल, तर मात्र ४५ दिवस थांबू नये. ७२ तासांच्या आत डॉक्टरांकडे जावं, २८ दिवसांच्या प्रतिबंधक गोळ्या मिळतात.

आपल्या तरुणाचा रिपोर्ट निगेटिव्ह येतो. दोन दिवस बरे जातात. तिसऱ्या दिवशी : लॅबमध्ये नमुने बदलले असतील तर? पुन्हा लॅब, दुसरी लॅब. प्रत्येक रिपोर्टचा दिलासा आधीच्यापेक्षा लवकर विरतो. गंमत म्हणजे मुखमैथुनातून सहज पसरणाऱ्या गरमी आणि परम्याबद्दल, म्हणजे सिफिलिस आणि गोनोरियाबद्दल, ही मंडळी क्वचितच विचारतात. ते प्रतिजैविकांनी बरे होतात, म्हणून त्यांची शिक्षा पुरेशी वाटत नसावी. होणाऱ्या बायकोला फसवलं ही बोच खरी आहे, पण ती रक्तात सापडत नाही आणि सुईने निघतही नाही.

अशा वेळी अकरावी चाचणी लिहून देणारा डॉक्टर रुग्णाचं नुकसानच करतो. मानसोपचारात उलट शिकवतात : गाठ चाचपायची ऊर्मी आली की अर्धा तास थांबायचं, मग एक तास. शंका राहू द्यायची, शोध घ्यायचा नाही. सुरुवातीला जीव कासावीस होतो, हळूहळू ऊर्मी ओसरते. एचआयव्हीच्या माहितीसाठी १०९७ आणि मनाच्या त्रासासाठी टेली-मानसचा १४४१६, दोन्ही क्रमांक मोफत आहेत.

(पुढील आठवड्यात : डोकं दुखलं की ट्यूमर)