मुक्या मित्राचें प्रेम

आमच्या शाळेच्या फाटकापाशीं एक कडुनिंबाचें झाड आहे. गेल्या पावसाळ्यापासून त्या झाडाखालीं एक तांबूस रंगाचा गांवठी कुत्रा रोज सकाळीं येऊन बसे. छावणींत राहणाऱ्या आमच्या एका लहान विद्यार्थ्याबरोबर तो येई व शाळा सुटेपर्यंत तेथेंच पडून राही. सुटीची घंटा झाली कीं तो उठे, आणि एवढ्या मुलांच्या गर्दींतून आपल्या बालधन्यास अचूक हुडकून काढी.

एके दिवशीं कांहीं मुलें गमतीनें त्या विद्यार्थ्याचें दप्तर ओढूं लागलीं. कुत्रा मध्यें शिरला व दांत दाखवून गुरगुरला. तो कोणासही चावला नाहीं. परंतु “कुत्रा अंगावर आला!” अशी ओरड झाली, कोणीं तरी दगड भिरकावला, आणि त्या बिचाऱ्याचा पुढचा पाय दुखावला. मुलगा रस्त्यांतच बसून रडूं लागला. आणि ज्याला लागलें होतें तो कुत्राच लंगडत येऊन त्याचे हात चाटूं लागला! हें प्रेम येतें कोठून, व त्याच्या बदल्यांत आपण काय देणें लागतों, याचा विचार त्या दिवसापासून आमच्या मनांत घोळत आहे.

कुत्रा हा लांडग्याचा वंशज. शेती, गांवें, गाई-बैल यांच्याही पूर्वीं, मनुष्य शिकारीवर जगत होता तेव्हांच, त्यानें हा सोबती जोडला. जर्मनींत बॉन शहराजवळ 1914 सालीं एक प्राचीन दफन सांपडलें. तें सुमारें 14,000 वर्षांपूर्वींचें आहे. त्यांत एक पुरुष, एक स्त्री व त्यांच्याजवळ सुमारें सात महिन्यांचें कुत्र्याचें पिल्लू होतें. त्या पिल्लाच्या दांतांवरील खुणांवरून शास्त्रज्ञांनीं 2018 सालीं असें अनुमान काढलें कीं, तें फार आजारी होतें, आणि कोणीं शुश्रूषा केल्यावांचून इतके दिवस जगलें नसतें. शिकारीस निरुपयोगी अशा त्या दुखणाईत पिल्लास कोणीं तरी पाणी पाजलें, ऊब दिली. मनुष्य व कुत्रा यांच्या स्नेहाचा हा फार जुना पुरावा होय.

कित्येक म्हणतात कीं, कुत्र्याचें प्रेम म्हणजे केवळ भाकरीची आशा. हें अर्धसत्य आहे. जपानांतील शास्त्रज्ञांनीं 2015 सालीं दाखविलें कीं, कुत्रा व त्याचा धनी एकमेकांच्या डोळ्यांत पाहत राहिले असतां दोघांच्याही शरीरांत ऑक्सिटोसिन नांवाचें द्रव्य वाढतें. आई व तान्हें मूल यांच्या जिव्हाळ्याशीं ज्याचा संबंध आहे तेंच हें द्रव्य. माणसांनीं वाढविलेल्या लांडग्यांत मात्र असें आढळलें नाहीं. पुढें 2021 सालीं अमेरिकेंतील ऑरेगन स्टेट विद्यापीठानें आठ ते सतरा वर्षांच्या मुलांसह त्यांच्या घरच्या कुत्र्यांचें निरीक्षण केलें. मूल चालूं लागलें कीं कुत्रा चाले, थांबलें कीं थांबे, आणि हें केवळ योगायोगानें घडेल त्याहून अधिक वेळां घडलें. मूल लहान म्हणून कुत्रा त्याची उपेक्षा करीत नाहीं.

आपल्या लोकांनीं ही निष्ठा पूर्वींच ओळखली होती. शहराजवळील सातारा येथें खंडोबाचें देऊळ आहे. त्या देवाच्या चित्रांत घोड्याबरोबर कुत्राही दिसतो. महाभारतांत धर्मराजानें सोबत आलेल्या कुत्र्यास टाकून स्वर्गांत जाण्याचें नाकारलें. परंतु मुक्या प्राण्यास ओळखण्यांत मनुष्य चुकतो, हेंही जुन्या कथा सांगतात. पंचतंत्रांतील मुंगसानें बाळास सर्पापासून वांचविलें, आणि त्याचें रक्तानें माखलेलें तोंड पाहून बाळाच्या आईनें त्यालाच मारलें. दूर वेल्स देशांतही गेलर्ट नांवाच्या कुत्र्याविषयीं अशीच दंतकथा आहे: बाळास लांडग्यापासून वांचविणाऱ्या त्या कुत्र्यास राजानें तलवारीनें मारलें. दोन्ही कथांत पश्चात्ताप मागाहून झाला.

मुलांनो, असा पश्चात्ताप टाळावयाचा तर कुत्र्याची भाषा शिका. शेंपूट हालली म्हणजे कुत्रा नेहमीं आनंदांतच असतो असें नाहीं. अंग ताठ, कान मागें, डोळ्यांचा पांढरा भाग दिसणें, तोंड फिरविणें, वारंवार ओठ चाटणें, हीं भीतीचीं लक्षणें होत. गुरगुरणें म्हणजे “आतां पुरे” अशी सूचना. त्या सूचनेबद्दल मार मिळाला तर पुढच्या वेळीं तो सूचना न देतांच चावेल. जेवणाऱ्या, निजलेल्या किंवा पिल्लांजवळ असलेल्या कुत्र्यास छेडूं नका. अनोळखी कुत्रा जवळ आला तर धांवूं नका. झाडासारखे निश्चल उभे राहा.

पालकांसही दोन शब्द. प्रेमाबरोबर सावधगिरी हवी. अलर्क रोगाचीं लक्षणें एकदां दिसूं लागलीं कीं रोगी बहुधा वांचत नाहीं, आणि कुत्रा चावलेल्यांत मुलांची संख्या मोठी असते. 6 जुलै 1885 रोजीं पॅरिसमध्यें लुई पाश्चर यांच्या लसीनें जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलावर उपचार सुरू झाले व तो वांचला. तेव्हांपासून या रोगावर उपाय आहे. म्हणून घरच्या कुत्र्यास पशुवैद्याच्या सल्ल्यानें नियमित लस टोंचा, आणि अगदीं लहान मुलास कुत्र्याजवळ एकटें सोडूं नका. चावा किंवा ओरखडा झाला तर हळद, मिरची, चुना लावूं नका. जखम साबण व वाहत्या पाण्यानें 15 मिनिटें धुवा आणि त्याच दिवशीं घाटी रुग्णालय किंवा जवळचा दवाखाना गांठा. मार बसेल या भीतीनें मुलें चावा लपवितात. तशी भीती घरांत असूं देऊं नका.

निंबाखालचा तो कुत्रा आतां बरा आहे, थोडासा लंगडतो इतकेंच. त्या विद्यार्थ्याच्या वडिलांनीं त्यास लस टोंचून आणली व गळ्यांत पट्टा बांधला. दगड मारणारा मुलगा दुसऱ्याच दिवशीं स्वतः होऊन आमच्याकडे आला व त्यानें चूक कबूल केली. आतां तो आपल्या डब्यांतील अर्धी पोळी कुत्र्यासाठीं राखून ठेवतो. प्रथम कुत्रा त्याला पाहतांच मागें सरे. पंधरा दिवस मुलगा पोळी दूर ठेवून निमूटपणें उभा राहत असे. सोळाव्या दिवशीं कुत्र्यानें ती त्याच्या हातांतून घेतली.