शिट्टी नसलेला कुकर

असरची नमाज झाली की जवळा बाजारच्या मोहल्ल्यात घाई सुरू होते. परभणीहून औंढा नागनाथमार्गे हिंगोलीकडे जाणारी वाहने रस्त्यावरून धावतच असतात. कडेच्या हातगाड्यांवर कलिंगडाच्या फोडी लागतात, भज्यांच्या कढया चढतात, खजुराचे पुडे पुढे येतात. आणि घराघरांतून कुकरच्या शिट्ट्या ऐकू येऊ लागतात. मार्चच्या मध्यावर इकडे रोजा साडेसहा ते पावणेसातच्या दरम्यान सुटतो. म्हणजे हातात उरतो जेमतेम दीड तास. पहाटेपासून पाण्याचा थेंबही न घेतलेली घरातली बाई हा दीड तास कुठे काढते? बहुतेक घरांत उत्तर एकच आहे, गॅससमोर.

इफ्तारच्या दस्तरखानावर तळणीचे पदार्थ मिरवतात खरे, पण दिवसभर रिकाम्या राहिलेल्या पोटाला आधी पातळ आणि गरम काहीतरी हवे असते. खजूर आणि पाण्याने रोजा सुटल्यावर वाटीभर हरभऱ्याचे सूप पोटात गेले की अंगात जीव येतो. हा पदार्थ परका नाही. अख्खे हरभरे उकडून केलेल्या घुगऱ्या मराठवाड्यात हिंदू-मुस्लिम दोन्ही घरांत होतात, बारशाला वाटल्याही जातात. दक्खनी बोलणाऱ्या घरांत तीच घुगनी. तिचे पाणी वाढवले, थोडे दाणे घोटले, वर लिंबू पिळले की सूप तयार. मोरोक्कोत याच महिन्यात घरोघरी हरिरा नावाचे हरभरा, मसूर आणि टोमॅटोचे सूप होते. आपल्याकडे मात्र हरिरा म्हटले की बाळंतिणीला द्यायचे सुक्या मेव्याचे गोड पेय आठवते. नाव एकच, वाटीतला पदार्थ दुसरा.

सध्या एक चांगला योग जुळून आला आहे. चांद्र वर्षामुळे रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतो. २०१८ साली तो भर मे-जूनमध्ये होता. २०२४ मध्ये १२ मार्चला आणि २०२५ मध्ये २ मार्चला पहिला रोजा झाला. आणि फेब्रुवारी-मार्च म्हणजे रब्बीचा हरभरा निघण्याचे दिवस. जवळा बाजारच्या बाजार समितीत नवा माल येतो तो याच सुमारास. नव्या हरभऱ्याची गोष्ट वेगळी असते. तो लवकर भिजतो आणि लवकर शिजतो. तोच हरभरा पत्र्याखालच्या गरम खोलीत उन्हाळा-पावसाळा काढून आला की कितीही उकळा, दाणा टणकच राहतो. उष्णता आणि दमट हवेत साठवलेल्या कडधान्याच्या पेशींमधले बंध घट्ट होत जातात, त्यामुळे पाणी आत शिरले तरी दाणा फुटत नाही. दुकानदाराला ‘नवा आहे का’ असे विचारण्यात म्हणून काही कमीपणा नाही. जुन्या दाण्याची कसर कोणतेही महागडे भांडे पूर्णपणे भरून काढत नाही.

दुसरी अडचण पाण्याची. ‘या पाण्यात डाळ शिजत नाही’ हे वाक्य मराठवाड्यात लग्नाची सोयरीक जुळवतानाही ऐकायला मिळते. पूर्वी गावातल्या विहिरींची पारखच अशी व्हायची. अमुक विहीर धुण्याची, तमुक विहीर डाळीची. यात अंधश्रद्धा काही नाही. बोअरच्या जड पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. ते दाण्याच्या सालीतल्या पेक्टिनला धरून बसतात आणि साल मऊ होऊ देत नाहीत. सिद्धेश्वर धरण याच औंढा नागनाथ तालुक्यात आहे, पण प्रत्येक नळाला धरणाचे पाणी येतेच असे नाही. बोअरवर भागवणाऱ्या घराने कडधान्यापुरते तरी फिल्टरचे किंवा जारचे पाणी वापरावे. शेजारची काकू विचारते, “भाभी, तुमचे हरभरे एवढे मऊ कसे होतात?” याचे उत्तर बऱ्याचदा मसाल्यात नसते, पाण्यात असते.

जुन्या बायका यावर सोड्याची चिमूट टाकत आल्या आहेत. उपाय बरोबर आहे, फक्त चिमूट ही चिमूटच राहिली पाहिजे. सोडा वाढला की सूपला साबणासारखी चव येते आणि ब-१ जीवनसत्त्वही नष्ट होते. त्याहून चांगला उपाय म्हणजे भिजवण्याच्या पाण्यात मीठ घालणे. मिठाने दाणा कडक होतो असा समज घट्ट बसला आहे, प्रत्यक्षात उलटे घडते. मिठातले सोडियम सालीतल्या कॅल्शियमची जागा घेते आणि साल सैल पडते. दाणा अडतो तो आंबटाने. चिंच, टोमॅटो, लिंबू हे सारे दाणा शिजल्यानंतरच घालायचे.

आता कुकर. गेल्या काही वर्षांत ऑनलाइन मागवलेली किंवा आखातातून सुटीवर आलेल्या भावाने आणलेली विजेची कुकरची भांडी अशा घरांत दिसू लागली आहेत. वाफ कोंडून अन्न मऊ करण्याची युक्ती जुनीच, डेनिस पापँ या फ्रेंच माणसाने १६७९ मध्ये हाडे मऊ करण्यासाठी असे भांडे बनवले होते. आपल्याकडे हॉकिन्ससारख्या कंपन्या १९५९ पासून आहेत. विजेवर चालणाऱ्या कुकरचे पेटंट १९९१ साली चीनमध्ये घेतले गेले आणि २०१० मध्ये कॅनडातून आलेल्या ‘इन्स्टंट पॉट’ने तो जगभर नेला. आतले स्टीलचे भांडे, बुडाखाली तापणारी पट्टी, तापमान आणि दाब ओळखणारी यंत्रणा, झाकणाला रबर. दाब भरला की एक छोटी पिन वर येते आणि झाकण आपोआप अडकते. शिट्टी मात्र नाही.

अडते ते इथेच. आपल्या स्वयंपाकघरातले सगळे ज्ञान शिट्ट्यांत मोजलेले आहे. सून विचारते, “अम्मी, कितनी सीट्यां लेना?” अम्मी सांगतात, भिजलेल्या हरभऱ्याला सहा-सात. आता या सहा-सात शिट्ट्यांची मिनिटे किती? रात्रभर भिजलेल्या देशी हरभऱ्याला विजेच्या कुकरमध्ये पूर्ण दाबाखाली साधारण १५ ते २० मिनिटे लागतात, काबुलीला थोडी कमी. न भिजवता टाकला तर ४० ते ५० मिनिटे आणि तरीही एकसारखा शिजेल याची खात्री नाही.

आणि भांड्यावर १५ चा आकडा दाबला म्हणजे १५ मिनिटांत सूप तयार, हा हिशेब पहिल्याच दिवशी चुकतो. दाब भरेपर्यंत दहा-पंधरा मिनिटे जातात. मग ती १५ मिनिटे. त्यानंतर वाफ आपली आपण उतरायला आणखी १५-२० मिनिटे. एकूण चाळीस ते पन्नास मिनिटे. घाईने वाफ सोडली तर हरभऱ्याचे फेसाळ पाणी उडते, साली फाटून वेगळ्या होतात. शिवाय गॅसवरच्या कुकरमध्ये दाब चौरस इंचाला १५ पौंडांपर्यंत आणि तापमान १२१ अंशांपर्यंत जाते, विजेच्या बहुतेक भांड्यांत ते याहून थोडे कमीच राहते. म्हणजे वेग पाहिला तर नवे भांडे जुन्याच्या पुढे नाही, किंचित मागेच आहे.

मग त्याचे कौतुक कशासाठी? वेळ तेवढाच लागतो, पण हजेरी लागत नाही. गॅसवरचा कुकर बाईला बांधून ठेवतो. शिट्ट्या मोजा, आच कमी करा, पाणी आटले का पाहा. विजेच्या भांड्याचे बटण दाबून ती असरची नमाज निवांत पढू शकते, कुरआनचे पान वाचू शकते किंवा सरळ वीस मिनिटे आडवी होऊ शकते. मार्चमधल्या उन्हाळ्यात तहानलेल्या जिवाला पेटत्या गॅसपासून चार हात दूर राहता येणे ही लहान गोष्ट नाही. आणि बटण दाबायला बाईच लागते असेही नाही. बाजारातून कलिंगड घेऊन आलेला दहावीतला मुलगाही ते दाबू शकतो. शिट्ट्या मोजायला तो कधी बसला नसता.

साहित्याचे प्रमाण सहा-सात वाट्यांना पुरेल असे: पाव किलो देशी हरभरा, तो तरावीहनंतर मीठ घातलेल्या भरपूर पाण्यात भिजत घालायचा. सहरीला उठल्यावर ते पाणी ओतून द्यायचे, म्हणजे पोटात गॅस करणाऱ्या शर्करांचा काही भागही निघून जातो. दाणे निथळून फ्रिजमध्ये किंवा ओल्या फडक्यात बांधून ठेवायचे. दिवसभर पाण्यातच ठेवले तर ३८-४० अंशांच्या उन्हात संध्याकाळपर्यंत फेस येतो, वास सुटतो. भांड्यातल्या टायमरवर भरवसा ठेवून सकाळीच सगळे भरून ठेवण्याची युक्ती थंड देशांत ठीक, मराठवाड्याच्या उन्हाळ्यात नको. संध्याकाळी त्याच भांड्यात तेलावर जिरे, ठेचलेले लसूण-आले, एक कांदा आणि वसमतची हळद परतायची. २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेली ही हळद इथून काही दूरची नाही. मग हरभरे आणि दीड लिटर पाणी. सगळे मिळून भांडे निम्म्याच्या वर भरता कामा नये, कारण फेस वर चढून वाफेची वाट बुजवतो. शिजल्यावर दोन पळ्या दाणे घोटून परत सोडायचे, वर मिरपूड, कोथिंबीर, पुदिना, लिंबू.

राहिला मिठाचा प्रश्न. रोजा असताना चव कशी घेणार? हनफी फिक्हच्या किताबांत गरज असेल तर जिभेच्या टोकावर चव घेऊन थुंकून टाकायची मुभा आहे, गरज नसताना तसे करणे मकरूह. आणि गरजेचे उदाहरण काय दिले आहे, तर नवरा तापट स्वभावाचा असणे! शेकडो वर्षांपूर्वीच्या आलिमांना स्वयंपाकघराची खबर होती म्हणायची. बंद झाकणाच्या भांड्यात मात्र ही मुभाही कामाची नाही, मीठ आधीच मोजून टाकावे लागते. वर दिलेल्या प्रमाणाला अडीच छोटे चमचे पुरतात. दोन दिवस वहीत लिहून ठेवले की तिसऱ्या दिवसापासून चव घ्यायची वेळ येत नाही.

विजेचे काय, हा प्रश्न कुणीही विचारेल आणि तो रास्त आहे. एक हजार वॅटचे भांडे तासभर सलग तापले तर एक युनिट जळते. दाब भरल्यावर ते मधूनमधूनच तापते, म्हणून सूपला त्याहून कमी लागते. पण वीज गेली तर घरातला नेहमीचा लहान इन्व्हर्टर हे ओझे पेलत नाही. दाब भरल्यानंतर गेली तर फारसे बिघडत नाही, झाकण न उघडता तसेच ठेवावे, कोंडलेल्या वाफेत दाणे शिजत राहतात. दाब भरण्याआधीच गेली तर गॅसवरचा जुना कुकर हाताशी हवा. ज्यांनी तो भंगारात दिला त्यांनी घाई केली.

एका बटणापासून मात्र जपायला हवे. अनेक भांड्यांवर मंद आचेवर तासन् तास शिजवण्याची सोय असते. हरभऱ्याऐवजी राजमा घेतला आणि दुपारी ते बटण दाबून ठेवले तर धोका आहे. कच्च्या राजम्यात एक विषारी प्रथिन असते. ते मरायला कडकडीत उकळी लागते, ८० अंशांच्या आसपास रेंगाळले तर विष कमी होण्याऐवजी वाढू शकते. १९७६ साली ब्रिटनमध्ये सहलीला गेलेल्या शाळकरी मुलांना नुसता भिजवलेला राजमा खाऊन उलट्या झाल्या होत्या. हातभर दाण्यांचीही गरज नाही, चार-पाच दाणे पुरतात. पूर्ण दाबावर शिजलेल्या राजम्याची भीती नाही. घरात कुणाचा पहिलाच रोजा असेल तर हे लक्षात ठेवावे.

मशिदीतल्या इफ्तारसाठी हे सहा लिटरचे भांडे उपयोगाचे नाही, तिथे देगच लागते. निजामाच्या राज्यात राहिलेल्या या भागाला हैदराबादी हलीम ठाऊक आहे. भट्टीवर तासन् तास घोटलेली ती चव बटणावर येत नाही आणि यावीही कशाला.

घरात मात्र या भांड्याची एक गोष्ट गॅसला जमत नाही. अजान झाली, खजूर तोंडात गेला, पाणी प्याले आणि घरातली माणसे मगरिबच्या नमाजला उठली. पूर्वी तेवढ्यात आमटी-सूप थंड व्हायचे, परत आल्यावर कुणालातरी पुन्हा गॅस पेटवावा लागायचा. आता सगळे परत येईपर्यंत भांडे सूप गरम ठेवते. दात पडलेल्या दादीची वाटी आधी भरली जाते, तिच्या वाटीत घोटलेला भाग जास्त. एक वाटी काकूकडे जाते. ती वाटी दुसऱ्या दिवशी रिकामी परत येत नाही, कधी त्यात शेंगदाण्याची चटणी असते, कधी गूळ.

रात्री तरावीहहून परतल्यावर पुन्हा पाव किलो हरभरे पातेल्यात पडतात. पाणी जारचे, मीठ मोजून.