उलट्या लेन्सची तीस वर्षं

नव्वदच्या दशकात ज्यांच्या गळ्यात एसएलआर कॅमेरा असायचा, त्यांतल्या फार थोड्यांकडे मॅक्रो लेन्स होती. तिच्या किमतीत दुसरा कॅमेरा आला असता. हौस मात्र सगळ्यांना होती. नाकतोड्याचे पाय, तेरड्याचे पुंकेसर, कोळ्याचे डोळे कुणाला नको होते? अशांना मुंबईच्या बोराबाजारात क्लोज-अप फिल्टरचा संच मिळायचा: +१, +२ आणि +४ अशा तीन काचा. लेन्सच्या तोंडावर फिरवून बसवायच्या, की झालं.

ही साधी भिंगंच. +४ म्हणजे चार डायॉप्टर, म्हणजे २५ सेंटिमीटर नाभीय अंतर. लेन्स अनंतावर ठेवली तरी २५ सेंटिमीटरवरची वस्तू स्पष्ट दिसते. प्रकाश जवळपास कमी होत नाही, हा मोठा फायदा. पण एकच भिंग असल्यामुळे फोटोच्या कडा मऊ पडतात, चमकत्या थेंबाभोवती जांभळी किनार उमटते. छिद्र एफ/८ किंवा एफ/११ पर्यंत लहान केलं की बरंच सावरतं.

अडचण काचेपेक्षा फिल्मची होती. ३६ फोटोंचा रोल संपायचा, धुवून यायचा आणि प्रिंट हातात पडेपर्यंत कुठला फोटो कुठल्या छिद्रावर काढला होता हे विसरायला झालेलं असायचं. वहीत नोंद ठेवणारे टिकले, बाकीचे निसर्गदृश्यांकडे वळले. त्या काळी क्लोज-अप मागे पडलं ते साधन नव्हतं म्हणून, असं मला कधीच वाटलं नाही. केलेल्याचं उत्तर फार उशिरा मिळायचं.

साधनं तर जुनीच होती. एक्साक्टा कॅमेऱ्याला १९३०च्या दशकातच जोडनळ्या मिळत होत्या. त्याच्याही आधी बर्लिनमध्ये शिल्पकला शिकवणारे कार्ल ब्लॉसफेल्ट विद्यार्थ्यांना दाखवण्यासाठी घरी बनवलेल्या कॅमेऱ्यांनी कोंब, बोंडं आणि नेच्याची वेटोळी मोठी करून टिपत होते. १९२८ साली त्या फोटोंचं पुस्तक आलं तेव्हा त्यांनी साठी ओलांडली होती. लेन्स फिल्मपासून जितकी दूर न्याल तितकी वस्तू मोठी दिसते, हे त्यामागचं तत्त्व. जोडनळी, म्हणजे एक्स्टेन्शन ट्यूब, तेच करते. ती आतून पोकळ असते, काच नसतेच. ५० मिमीच्या लेन्समागे २५ मिमीची नळी लावली की सेन्सरवर वस्तू निम्म्या आकाराची येते, ५० मिमीची लावली की जशीच्या तशी. त्याची किंमत प्रकाशात मोजावी लागते: पूर्ण आकाराला दोन स्टॉप जातात.

लेन्स उलटी बसवणाऱ्या रिव्हर्स रिंगचा खरा काळ डिजिटलनंतर आला. २००३ मध्ये कॅनन ३००डी आला, पुढच्या वर्षी निकॉन डी७०, आणि १८-५५ची किट लेन्स हळूहळू घराघरांत पोचली. मागचा पडदा लगेच उत्तर देऊ लागला. नेहमीची लेन्स दूरची मोठी वस्तू जवळच्या छोट्या चौकटीत बसवण्यासाठी घडवलेली असते. आपल्याला हवं असतं ते उलट, म्हणून लेन्सच उलटी लावायची. २८ मिमीची लेन्स अशी लावली की सेन्सरवर साधारण दुप्पट आकार मिळतो. झूम लेन्स असेल तर १८ कडे नेल्यावर आकार आणखी वाढतो. छिद्राचं तेवढं सांभाळावं लागतं. लेन्सवर छिद्राची कडी असेल तर प्रश्नच नाही. कॅननच्या ऑटोफोकस लेन्सला छिद्र लहान करून, डेप्थ-ऑफ-फील्डचं बटण दाबून धरलेलं असतानाच ती काढायची, म्हणजे छिद्र तसंच राहतं.

सप्टेंबरमध्ये कास पठारावर सगळ्यांचे कॅमेरे फुलांच्या गालिच्याकडे वळतात, पण उलट्या लेन्सचं जग दवबिंदू नावाच्या बोटभर उंचीच्या कीटकभक्षी रोपात आहे. पानावर टाचणीसारखे उभे लाल केस, प्रत्येकाच्या टोकावर चिकट थेंब, आणि एखाद्या थेंबात अडकलेलं चिलट अजून पाय हलवत असतं. इतक्या जवळून स्पष्ट दिसणारा पट्टा मिलिमीटरहून कमी भरतो. फोकसची कडी फिरवून भागत नाही, आपणच केसभर पुढेमागे झुलायचं आणि नेमक्या क्षणी बटण दाबायचं. वारा असतोच, म्हणून फ्लॅश हवा आणि त्यापुढे बटर पेपर, नाहीतर थेंबांवर पांढरे ठिपके येतात. लेन्स आणि वस्तू यांत चार-पाच सेंटिमीटरच उरतात. एका रोपाच्या फोटोसाठी आडवं पडून शेजारची दहा रोपं चिरडणारे मी पाहिलेत, आणि त्याचा मला आजही राग येतो. फोटो मिळाला नाही तर पुढच्या वर्षी मिळेल.

फुलपाखरं एवढ्या जवळ येऊ देत नाहीत. त्यांच्यासाठी खरा बदल घडवला तो दोन-तीन भिंगं जोडून रंगदोष कमी केलेल्या क्लोज-अप लेन्सनी. कॅननची ५००डी दोन डायॉप्टरची. ती ५५-२५०च्या झूमवर लावली, की अर्ध्या मीटरवरून सेन्सरवर निम्मा आकार मिळतो. रेनॉक्सची डीसीआर-२५० आठ डायॉप्टरची आणि चिमट्यासारखी अडकवता येते. त्याच झूमवर ती दुप्पट आकार देते, तेही बारा सेंटिमीटरवरून. उड्या मारणाऱ्या कोळ्यांसाठी मला तिच्याहून सोयीचं काही सापडलेलं नाही.

मग मोबाइल आले. क्लिपने अडकवायच्या भिंगांनी शाळकरी मुलांनाही मुंगीचं डोकं दाखवलं, हे त्यांचं मोठं काम. स्वस्त फोनमधले दोन मेगापिक्सेलचे मॅक्रो कॅमेरे मात्र नावापुरतेच. त्यांपेक्षा क्लिपचं भिंग कितीतरी चांगलं. २०२१ मध्ये आयफोन १३ प्रोने दोन सेंटिमीटरवर फोकस करून दाखवला, पण इतक्या जवळ गेलं की फोनची सावलीच किड्यावर पडते.

आज कुणी कुठून सुरुवात करू असं विचारलं, तर मी आधी घरातली लेन्स बघायला सांगतो. लांब झूम असेल तर दोन भिंगांची क्लोज-अप लेन्स घ्यावी. फक्त किट लेन्स असेल तर रिव्हर्स रिंग, आणि जुन्या बाजारात छिद्राची कडी असलेली २८ मिमी दिसली तर ती सोडू नये. पहिला महिना घरच्या कुंडीतल्या मोगऱ्यावरच काढावा. कळीवरचा मावा हलत नाही, त्यामुळे छिद्र बदलून तोच फोटो हवा तितक्या वेळा काढता येतो.