स्विच नेमके काय वाटतो?

एखाद्या मोठ्या संकेतस्थळाकडे येणाऱ्या विनंत्या एकट्या सर्व्हरला पेलत नाहीत, म्हणून त्या सर्व्हरांच्या ताफ्यात विभागून दिल्या जातात आणि या विभागणीला ‘लोड बॅलन्सिंग’ म्हणजे भारवाटप म्हणतात. त्यासाठी स्विच निवडताना पोर्टची संख्या आणि वेग आधी पाहिले जातात. परंतु तो स्विच नेमके काय वाटतो, हा प्रश्न त्याहून मूलभूत आहे.

बहुतेक स्विच भार वाटत नाहीत, जोडण्या वाटतात. पाठवणाऱ्याचा व घेणाऱ्याचा पत्ता, दोघांचे पोर्ट क्रमांक आणि प्रोटोकॉल या पाच बाबींवरून ‘हॅश’ नावाच्या गणिती क्रियेने एक संख्या काढली जाते आणि तिच्यावरून मार्ग ठरतो. त्यामुळे एका जोडणीची सारी पॅकेट एकाच वाटेने जाऊन त्यांचा क्रम टिकतो. मात्र एखादी जोडणी लहान पान मागते की प्रचंड फाइल, हे या पद्धतीला कळत नाही.

खरी कसोटी सर्व्हर बंद पडल्यावर लागते. हॅशला सर्व्हरांच्या संख्येने भागून उरलेल्या बाकीवर निवड होत असेल, तर दहाचे नऊ सर्व्हर होताच सुमारे ९० टक्के जोडण्यांचा सर्व्हर बदलतो आणि चालू व्यवहार तुटतात. हा बदल कमीत कमी ठेवणारी ‘कन्सिस्टंट हॅशिंग’ पद्धत डेव्हिड कार्गर व सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये मांडली.

विनंतीतला पत्ता किंवा कुकी वाचून सर्व्हर निवडायचा असेल, तर वाटप करणाऱ्या यंत्राला आधी जोडणी स्वतः स्वीकारून तिची नोंद ठेवावी लागते, आणि तेथे स्मृतीची मर्यादा आड येते. दुसरीकडे, गूगलच्या २००८ पासून वापरात असलेल्या ‘मॅग्लेव्ह’ रचनेत राउटर केवळ पहिली ढोबळ विभागणी करतात आणि अंतिम निवड साध्या सर्व्हरांवरील सॉफ्टवेअर करते. उत्तरेही त्या सॉफ्टवेअरमधून परत न येता थेट ग्राहकाकडे जातात.

यानंतर क्षमतेचा हिशेब येतो. २५ गिगाबिटचे ४८ पोर्ट सर्व्हरांकडे आणि १०० गिगाबिटचे ६ पोर्ट वरच्या जाळ्याकडे असतील, तर १२०० गिगाबिटच्या मागणीला ६०० गिगाबिटची वाट मिळते आणि गर्दीच्या वेळी पॅकेट गळू शकतात. तेव्हा खरेदीपूर्वी चालू भाराखाली एक सर्व्हर मुद्दाम बंद करून किती जोडण्या तुटतात हे मोजावे. माहितीपत्रकातील वेगापेक्षा तो आकडा निवडीला अधिक उपयोगी पडतो.