शिसपेन्सिलीतली दहा मैदानं

पुण्यात धायरी फाट्यावरून आत वळलं की लहान कारखान्यांच्या शेडमधून लेथचा आवाज येऊ लागतो. एखाद्या टूलरूममध्ये ईडीएम मशीन चालू असतं. ठिणग्यांनी पोलादाचा डाय कोरायचा, तर इलेक्ट्रोड लागतो तांब्याचा नाहीतर ग्राफाइटचा. ग्राफाइटचा घडवताना काळी पूड उडते आणि बोटांना चिकटून बसते. शिसपेन्सिलीतलं शिसं म्हणतो ते मुळात हेच. त्या पुडीच्या कणाकणात कार्बनचे थर पत्त्यांच्या कॅटासारखे रचलेले असतात, एका मिलिमीटरच्या जाडीत सुमारे 30 लाख! त्यातला एकच थर सुटा झाला, की तो ग्राफीन.

तो सुटा कसा करायचा? 2004 मध्ये मँचेस्टरच्या आंद्रे गाइम आणि कॉन्स्टँटिन नोव्होसेलोव्ह यांनी साधी चिकटपट्टी घेतली. ग्राफाइटवर लावायची, ओढायची, पुन्हा लावायची. 2010 मध्ये दोघांना नोबेल मिळालं. कितीही वेळा वाचलं तरी मला त्या चिकटपट्टीचं नवल वाटतंच.

जाडी एका अणूची, म्हणून पसारा अफाट. एक ग्रॅम ग्राफीन सलग अंथरलं तर सुमारे 1300 चौरस मीटर जागा झाकेल. पुरुषांच्या कबड्डीचं मैदान 13 बाय 10 मीटरचं; अशी दहा मैदानं, चिमूटभर भुकटीत! ताण सोसण्यात हा थर पोलादाला कुठल्या कुठे मागे टाकतो, उष्णता तांब्यापेक्षा कितीतरी चांगली वाहून नेतो आणि प्रकाशाचा जेमतेम 2.3 टक्के भाग अडवतो.

असा गुणी पदार्थ बाजारात शिरतो तो मात्र मिठासारखा, चवीपुरता. फोर्ड कंपनीने 2018 मध्ये गाडीच्या इंजिनाजवळच्या फोमच्या भागांत ग्राफीन वापरायचं जाहीर केलं, तेव्हा त्याचं प्रमाण अर्ध्या टक्क्याहूनही कमी होतं. रबर, प्लास्टिक, रंग, काँक्रीट यांतही असंच किंचित घालायचं असतं. अडचण एकच: सुटे झालेले थर पुन्हा एकमेकांना बिलगतात. सिंहगडावर पिठलं खाल्लेल्याला हे समजावून सांगायला नको. बेसन कितीही चांगलं असो, गुठळी राहिली की घास बिघडतो. इथे गुठळी राहिली तर ग्राफीनचं पुन्हा ग्राफाइट होतं आणि पैसे वाया जातात. म्हणून माझ्या मते ग्राफीनची खरी कमाई ते बनवण्यापेक्षा ते नीट मिसळण्यात आहे, आणि मिसळणं हे कारखान्यातलं, हाताच्या अंदाजाचं काम आहे.

कार्बनची जाण असलेले लोकही पुण्यातच आहेत. पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत सतीशचंद्र ओगले यांच्या गटाने कडुनिंबाच्या वाळलेल्या पानांपासून सच्छिद्र कार्बन बनवला. एका ग्रॅमला हजार चौरस मीटरहून जास्त पृष्ठभाग असलेला तो कार्बन सुपरकपॅसिटरमध्ये वीज साठवायला वापरला, आणि 2013 मध्ये ते संशोधन प्रसिद्धही झालं. तो ग्राफीन नव्हे, पण त्याच्याच कुळातला.

धायरीत रबराचा किंवा प्लास्टिकचा साचा चालवणाऱ्या कारखानदारांनी एकदा पाषाणची वाट धरावी. जाताना आपल्या मालाचा एक तुकडा सोबत न्यावा.