रविवारची शाळा आणि तेराव्या वर्षानंतरचे मूल

आमच्या वस्तीतील विहारात दर रविवारी सकाळी मुलांचा वर्ग भरतो. काही वर्षांपासून मी तेथे शिकवतो. त्रिशरण, पंचशील, बावीस प्रतिज्ञा, बाबासाहेबांचे चरित्र, १४ एप्रिलच्या भाषणांची तयारी असा साधारण क्रम असतो. सहावी-सातवीपर्यंत मुले हौसेने येतात. आठवी ओलांडली की संख्या रोडावते आणि दहावीच्या वर्षी सतरंजीवर लहानगीच तेवढी उरतात. याचे खापर आम्ही कार्यकर्ते शिकवण्यांवर, मोबाइलवर, आईबापांवर फोडतो.

पण मला एक प्रसंग विसरता येत नाही. नववीतल्या एका मुलीने वर्ग संपता संपता विचारले, "सर, विहारात मी बौद्ध आहे, आणि शाळेच्या फॉर्मवर वडील जातीचे नाव लिहितात. मग मी कोण?" खाली लहान मुलांचे पाठांतर घ्यायचे राहिले होते. मी म्हणालो, "नंतर सांगतो." पुढच्या रविवारी ती आली नाही. त्यानंतरही नाही. तिला वर्गाचा कंटाळा आला होता, असे मी कोणत्या तोंडाने म्हणू?

हाच प्रश्न दुसऱ्या एका समाजाला शंभराहून अधिक वर्षे छळतो आहे. तो समाज अमेरिकेतील ज्यूंचा. त्यांच्या शनिवार-रविवारच्या शाळेची हकीकत येथे मांडतो, ती त्यांचे गोडवे गाण्यासाठी नव्हे. त्यांनी या प्रश्नावर माणसे, पैसा आणि बुद्धी खर्च केली. काही साधले, बरेच फसले. दोन्ही गोष्टी आपल्या उपयोगाच्या आहेत.

ज्यूंच्या इतिहासाशी आपली तुलना नवी नाही. बाबासाहेबांनी आपल्या एका लिखाणाच्या शीर्षकातच अस्पृश्यांना भारताच्या घेट्टोची लेकरे म्हटले आहे. ते लिखाण त्यांच्या हयातीत छापले गेले नाही. महाराष्ट्र शासनाने १९८९ साली त्यांच्या लेखन-भाषणांच्या पाचव्या खंडात ते प्रसिद्ध केले. घेट्टो हा शब्द १५१६ साली व्हेनिस शहरात ज्यूंना ज्या कोंडवाड्यात राहण्याची सक्ती झाली, तेथून जगभर गेला. तुलनेची मर्यादाही लक्षात ठेवली पाहिजे. ज्यूला गावकुसात कोंडले, मारले, हाकलले. पण मुलाला अक्षर शिकवणे हे त्याच्या घरात धर्मकर्तव्य होते. आपल्या वाडवडिलांना अक्षरच नाकारले गेले. त्यांच्यापाशी ग्रंथ होता आणि घर नव्हते. आपल्यापाशी दोन्ही नव्हते.

आता ही शाळा म्हणजे काय, ते पाहू. अमेरिकेतील काही ज्यू मुले पूर्णवेळ धार्मिक शाळेत जातात. इतर मुले आठवड्याचे पाच दिवस सर्वांबरोबर सर्वसाधारण शाळेत शिकतात. त्यांपैकी ज्यांचे आईबाप आग्रही असतात, ती रविवारी सकाळी दोन-तीन तास आणि काही ठिकाणी आठवड्यातील एखाददुसऱ्या दुपारी सिनेगॉगच्या वर्गात येतात. हिब्रू अक्षरे, प्रार्थना, सण, बायबलमधील कथा, आपल्या लोकांचा इतिहास हे तेथील विषय. शनिवार हा त्यांचा शब्बाथ. त्या दिवशी कर्मठ ज्यू हातात लेखणीही धरत नाहीत. म्हणून वहीपाटीची शाळा रविवारी, म्हणजे ख्रिस्ती बहुसंख्याकांच्या सुटीच्या दिवशी भरू लागली. आपल्याकडेही रविवार आपोआप मिळालेला नाही. मुंबईच्या गिरणी कामगारांना १८९० साली रविवारची सुटी मिळाली, ती सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांच्या झगड्यातून. पाच-सहा दिवस मूल दुसऱ्याच्या अभ्यासक्रमाच्या हाती असते. उरलेला एक दिवस कोणाचा, हा प्रश्न दोन्हीकडे सारखाच आहे.

ज्यूंची ही रविवारची शाळा एका स्त्रीने सुरू केली. ४ मार्च १८३८ रोजी फिलाडेल्फियात रेबेका ग्राट्झ यांनी हिब्रू संडे स्कूल उघडले. ख्रिस्ती मिशनरी गरीब ज्यू मुलांपर्यंत पोचत होते, त्यांच्या रविवारच्या शाळा जोरात होत्या. ग्राट्झ यांनी तोच साचा उचलला आणि आपल्या मुलांसाठी वापरला. फी नाही, मुले-मुली एकत्र, आणि शिकवणाऱ्या सगळ्या स्त्रिया. धर्मशिक्षण पुरुषांच्या मुठीत असलेल्या समाजात ही लहान गोष्ट नव्हती. पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली ती यानंतर दहा वर्षांनी, १८४८ साली. ग्राट्झ यांच्यापाशी सुरुवातीला स्वतःची पाठ्यपुस्तके नव्हती. त्यांनी ख्रिस्ती पुस्तकेच घेतली आणि जो मजकूर आपल्या श्रद्धेशी जुळत नव्हता, त्यावर कागदाचे तुकडे चिकटवले. साधने नाहीत म्हणून त्या थांबल्या नाहीत; आणि साधने परक्याची आहेत म्हणून त्यातला विचारही त्यांनी निमूट गिळला नाही.

१८८१ ते १९२४ या काळात पूर्व युरोपातून वीस लाखांहून अधिक ज्यू अमेरिकेत आले. बहुतेक गरीब, शिवणकामाच्या कारखान्यांत राबणारे. त्यांच्या मुलांसाठी न्यूयॉर्कमध्ये १९१० साली ज्यू शिक्षणाची मध्यवर्ती कचेरी उघडली गेली. तिचे प्रमुख सॅमसन बेंडर्ली हे शिक्षणाने डॉक्टर. वैद्यकी सोडून ते या कामात उतरले. त्यांचे म्हणणे असे, की आपल्या मुलांनी सर्वांच्या शाळेतच शिकले पाहिजे, वेगळे कुंपण नको. मात्र उरलेल्या वेळेतील आपले शिक्षण दुय्यम दर्जाचे असता कामा नये. त्यासाठी प्रशिक्षित शिक्षक हवेत, चांगली पुस्तके हवीत, सुसूत्र व्यवस्था हवी. याच काळात ज्यू कामगारांच्या आर्बेटर रिंग या संघटनेनेही शाळा चालवल्या. तेथे प्रार्थना नव्हती. कष्टकऱ्यांची यिद्दिश भाषा, तिचे साहित्य आणि कामगार लढ्यांचा इतिहास हा अभ्यासक्रम होता. म्हणजे आपला वारसा धर्माच्या अंगाने शिकवावा की श्रमाच्या आणि लढ्याच्या अंगाने, हा आपला वाद त्यांच्याकडेही होऊन गेलेला आहे.

एवढे सगळे असूनही मुले निसटली. ती नेमकी कोठे निसटली, ते पाहण्यासारखे आहे. ज्यू मुलगा तेरा वर्षांचा झाला की तो बार मित्झ्वा होतो, म्हणजे धर्माज्ञांची जबाबदारी त्याच्यावर येते. त्या निमित्ताने तो सिनेगॉगमध्ये सर्वांसमोर तोराचा भाग वाचतो. मुलींना हा मान पूर्वी नव्हता. १८ मार्च १९२२ रोजी न्यूयॉर्कमध्ये मॉर्डेकाय कॅप्लान या रब्बींची बारा वर्षांची मुलगी ज्युडिथ हिने असे जाहीर वाचन केले आणि अमेरिकेत मुलींसाठी ती वाट उघडली. दुसऱ्या महायुद्धानंतर ज्यू कुटुंबे मोठ्या प्रमाणात उपनगरांत गेली, मध्यमवर्गीय झाली. हा विधी हवा असेल तर मुलाने इतकी वर्षे शाळेत आलेच पाहिजे, अशी अट सिनेगॉगांनी घातली. त्यामुळे वर्ग भरले. पण शाळेचा अर्थ बदलला. शिक्षण हे समारंभाचे तिकीट झाले. मूल आपला उतारा सुरात घोकते. अनेकदा त्याला अक्षरे वाचता येतात, अर्थ कळत नाही. समारंभ होतो, नातेवाईक जेवतात, फोटो निघतात आणि मूल शाळेला रामराम ठोकते. सातव्या इयत्तेनंतर पटावरची संख्या एकदम खाली येते, हा तेथील जुना अनुभव आहे. एकूण चित्रही आशादायक नाही. २००६-०७ साली अशा पूरक शाळांत सुमारे २,३०,००० विद्यार्थी होते; २०१९-२० साली ते सुमारे १,३५,००० उरले.

मूल ज्या वयात 'हे खरे कशावरून?' असे विचारू लागते, नेमक्या त्याच वयात शाळा त्याला निरोप देते. लहानपणी त्याला उत्तरे पाठ करायला लावली. प्रश्न सुचले तेव्हा वर्ग संपलेला होता.

जेथे मुले टिकली, तेथे काय वेगळे होते? मला तीन गोष्टी दिसतात. पहिली, शेवट पुढे ढकलणे. एकोणिसाव्या शतकात जर्मनीतील सुधारणावादी ज्यूंनी कन्फर्मेशन नावाचा विधी आणला. अमेरिकेत तो साधारण पंधरा-सोळाव्या वर्षी होऊ लागला. त्याआधीच्या वर्गात रब्बी स्वतः मुलांसमोर बसतो आणि देव, मृत्यू, अन्याय, विवाह असल्या विषयांवर त्यांच्याशी वाद घालतो. दुसरी, जबाबदारी देणे. अनेक सिनेगॉगांत आठवीपुढची मुले रविवारी लहानांच्या वर्गात मदतनीस शिक्षक होतात. त्यांना मद्रिख म्हणतात; मद्रिख म्हणजे वाट दाखवणारा. पंधरा वर्षांच्या मुलाला बाकावर बसवले तर तो खिडकीबाहेर पाहतो. त्याच्या हाती पाच लहान मुले दिली तर तो आदल्या रात्री धडा वाचून येतो. तिसरी, एकटेपण तोडणे. एकेका सिनेगॉगच्या मोठ्या वर्गात मुले थोडी असतात. म्हणून काही शहरांत अनेक सिनेगॉगांनी मिळून मोठ्या मुलांची एकच शाळा चालवली, शिबिरे भरवली. आपल्यासारखे आणखी शंभर आहेत हे मुलाने डोळ्यांनी पाहिले, म्हणजे त्याला वेगळे सांगावे लागत नाही.

परंतु मुले टिकणे हे अखेरचे ध्येय नव्हे. टिकवून त्यांना काय द्यायचे, हा खरा प्रश्न आहे. ज्यूंच्या पेसाह सणाच्या रात्री घरातील सर्वांत धाकटे मूल प्रश्न विचारते आणि मोठी माणसे मिसरमधील गुलामीची व सुटकेची गोष्ट सांगतात. ती प्रथमपुरुषी सांगायची असते; कोणी तरी पूर्वज गुलाम होते असे नव्हे, तर आपणच होतो असे. स्मृती जपण्याची ही रीत विलक्षण आहे. पण केवळ स्मृतीने माणूस मुक्तिदाता होत नाही. ४ जानेवारी १८६१ रोजी न्यूयॉर्कमध्ये रब्बी मॉरिस राफाल यांनी, बायबल गुलामगिरीला पाप मानत नाही असे प्रवचन केले. गुलामगिरीचे समर्थक त्यावर खूश झाले. बाल्टिमोरचे रब्बी डेव्हिड आइनहॉर्न गुलामगिरीविरुद्ध बोलत राहिले, आणि त्याच वर्षी त्यांना जमावाच्या भीतीने शहर सोडावे लागले. दोघांचा ग्रंथ एक, सण एक, मिसरची गोष्टही एक. एकाने ती आपल्यापुरती ठेवली. दुसऱ्याने त्या गोष्टीत शेजारच्या काळ्या गुलामाला पाहिले.

हा धडा आपल्या महाराष्ट्रातील बेने इस्रायलांनी स्वतःच्या अंगावर सोसला आहे. कोकणात तेलाचे घाणे चालवणारी, शनिवारी घाणा बंद ठेवणारी ही माणसे गावात शनवार तेली म्हणून ओळखली जात. मराठी ही त्यांची घरची भाषा. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी १८३२ साली मराठीतून हिब्रूचे व्याकरण रचले, ते त्यांच्या उपयोगासाठी. त्यांनी व्याकरण घेतले, पण धर्म सोडला नाही. फिलाडेल्फियातील चिकटवलेल्या कागदाचीच ही दुसरी तऱ्हा. १८४६ साली मुंबईत पेसाहची कथा हिब्रूसोबत मराठीत छापली गेली, म्हणजे मुलाचा प्रश्न आणि बापाचे उत्तर दोन्ही मराठीत आले. १८७५ साली हाईम सॅम्युएल केहिमकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत मुलांसाठी इस्रायली शाळा उभी केली. पुढे यांतील पुष्कळ लोक इस्रायलला गेले. तेथे १९६० च्या दशकात धर्मपीठाने त्यांच्या वंशशुद्धीवर शंका घेऊन विवाहात अडथळे आणले. त्यांनी जेरुसलेममध्ये ठिय्या दिला, तेव्हा १९६४ साली इस्रायलच्या संसदेला ते सर्व बाबतींत समान ज्यू असल्याचे जाहीर करावे लागले. छळ सोसलेल्या समाजातही शुद्धीचा सोवळेपणा शिरू शकतो. आणि खुद्द बेने इस्रायलांतही गोरा व काळा असा भेद होताच. आपल्या पोटजातींकडे पाहून यावर कोणी हसू नये.

या सगळ्यातून मी आमच्या वर्गापुरता काही निष्कर्ष काढला आहे. वंदना, प्रतिज्ञा, जयंतीचे भाषण हे आपले बार मित्झ्वा होऊ लागले आहे. मुलाने ते म्हटले की आम्ही टाळ्या वाजवतो आणि शिक्षण संपले असे समजतो. ज्या धम्मात ऐकीव गोष्ट तपासून घ्यायला सांगितले आहे, त्याचा वर्ग घोकंपट्टीवर चालावा, हे विपरीत आहे. तेव्हा आठवीपुढच्या मुलांना लहानांचे शिक्षक करावे. चार-पाच वस्त्यांच्या मोठ्या मुलांचा महिन्यातून एक वर्ग एकत्र भरवावा. त्यात 'बुद्ध आणि त्याचा धम्म' वाचावा, पण वाचताना अडवणाऱ्या मुलाला बक्षीस द्यावे. आणि आपल्या दुःखाचा इतिहास शिकवताना भटक्यांच्या, आदिवासींच्या, सफाई कामगारांच्या मुलाचे दुःख त्याच तासाला शिकवावे.

त्या नववीतल्या मुलीचे उत्तर मला ठाऊक होते. १९५६ साली धर्मांतर केलेल्यांच्या सवलतींचा प्रश्न, त्यासाठी चाललेला दीर्घ लढा, १९९० साली कायद्यात दुरुस्ती होऊन बौद्धांना अनुसूचित जातींच्या सवलती मिळणे, आणि त्यामुळे धर्माच्या रकान्यात बौद्ध असूनही दाखल्यावर जुनी जात राहणे, हे सगळे मी तिला अर्ध्या तासात सांगू शकलो असतो. त्यानंतरही 'मग मी कोण?' हा तिचा प्रश्न उरलाच असता, आणि त्यावर वर्गातील सर्व मोठ्या मुलांनी मिळून बोलायला हवे होते. तिच्या घरी मी जाऊन आलो आहे. आता ती अकरावीत आहे. येत्या रविवारी मोठ्या मुलांचा पहिला वर्ग तिने घ्यावा, तिच्याच प्रश्नावर, असे मी तिला सांगितले आहे. विचार करून कळवते, म्हणाली.