वृद्धांच्या पायांसाठी दुर्वांची हिरवळ

धानाचे पऱ्हे कसे टाकावे, हे लाखांदूर तालुक्यात कोणाला शिकवावे लागत नाही. चुलबंदच्या काठावर आयुष्य काढलेले वृद्ध वाफ्यावर बी सारखे पडले की नाही, हे नजरेनेच ओळखतात. तरीही अंगणात बियांपासून हिरवळ करताना हीच सवय आड येते. धानाला चिखल आणि अडलेले पाणी हवे असते. दुर्वेला पाण्याचा निचरा हवा असतो. बांधीसारखी तयार केलेली जागा दुर्वेला मानवत नाही आणि वृद्धांच्या पायांनाही नाही. तेथे पाणी साचते, शेवाळ धरते, पाय घसरतो.

म्हणून बियाण्यापूर्वी जमिनीचा विचार करावा. वीतभर खोल खणून दगड, मुळ्या, काचा वेचून काढाव्यात, पूर्ण कुजलेले शेणखत मिसळावे आणि घरापासून दूर, दर मीटरला एक-दोन सेंटिमीटर उतार ठेवावा. कन्हार जमिनीत पाणी मुरायला वेळ लागतो. तेथे वाफा चार बोटे उंच करावा, मात्र त्याची कड पायवाटेकडे हळूहळू उतरती असावी. उभ्या कडेला काठी किंवा वॉकर अडखळतो. न्हाणीचे सांडपाणी हिरवळीकडे कधीही वळवू नये. भंडारा जिल्हा हत्तीपायाच्या प्रादुर्भावाचा आहे आणि तो रोग पसरवणारे डास घाण, साचलेल्या पाण्यातच वाढतात.

फळी फिरवून सपाटी साधल्यावर लगेच पेरू नये. पाणी देऊन दोन आठवडे थांबावे. लव्हाळा, गाजरगवत वर आले की निंदून काढावे. ही वाट पाहणे कंटाळवाणे वाटते. पण वाकून निंदण काढण्याचे पुढचे किती तरी दिवस त्यामुळे वाचतात, आणि कंबर दुखणाऱ्या माणसाला त्याचे मोल अधिक. गाजरगवताने अंगाला खाज सुटते, म्हणून हातमोजे घालावेत.

पेरणीस सप्टेंबरचा उत्तरार्ध चांगला. माती उबदार असते आणि मुसळधार पावसाने बी वाहून जाण्याची भीती कमी झालेली असते. जूनमध्येही पेरता येते, पण रोवणीच्या धांदलीत अंगणाकडे पाहणार कोण? दुर्वेचे बी अतिशय बारीक असते. चौरस मीटरला पाच ते दहा ग्रॅम पुरते. ते कोरड्या वाळूत मिसळून निम्मे उभे, निम्मे आडवे फेकावे, वरून हलकेच दाबावे. खोल गाडलेले बी उगवत नाही. तणसाचा विरळ थर द्यावा; मात्र त्यात राहिलेले धान आधी झटकून टाकावे, नाहीतर हिरवळीऐवजी धान उगवेल. टरफल काढलेले बी एक ते दोन आठवड्यांत उगवते, टरफलासकट पेरलेले त्याहून उशिरा. तोवर बारीक झारीने दिवसातून दोन-तीनदा माती फक्त ओली ठेवावी. दहा लिटरची झारी भरली की दहा किलोंहून जड होते. ज्येष्ठांनी ती अर्धीच भरावी, किंवा नळीला फवारा लावून खुर्चीवर बसून पाणी द्यावे.

आंब्याच्या दाट सावलीत दुर्वा तग धरत नाही. तेथे बी वाया घालवण्यापेक्षा बाक ठेवावा.

गवत तीन इंच झाले की पहिली कापणी करावी, एका वेळी एक तृतीयांशाहून अधिक नव्हे. आठ-दहा आठवडे त्यावर वर्दळ नको. नंतर काळजी घेणाऱ्याने स्वतः चालून खड्डे शोधावेत आणि मातीने भरावेत. अनवाणी फिरण्याचा आग्रह सरसकट धरू नये. मधुमेहाने तळपायाची संवेदना गेली असेल किंवा हत्तीपायाची सूज असेल, तर लहानशी जखमही चिघळते. अशांनी बंद, मऊ पादत्राणे घालूनच चालावे.

पावसाळ्यात हिरवळ आणि तिच्या कडेची झुडपे वाढू देऊ नयेत. उंच गवतात साप दिसत नाही. तेथील बारीक किड्यांच्या चाव्याने स्क्रब टायफसही होतो. 2018 मध्ये नागपूरसह विदर्भात त्याचे रुग्ण आढळले होते. गवतात वावरल्यानंतर ताप आला, तर काख, जांघ, कमरेखाली काळी खपली आहे का ते पाहावे. खपली नसली तरी डॉक्टरांना गवताचा उल्लेख आवर्जून करावा. वेळीच निदान झाले तर या तापावर औषध आहे.